कांदळवनातल्या जिवाणूने दिलं ७८ टक्के ईई. याचं पुढे औषध होतं का?

खाजणवाली (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, कॉलेज आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलंच. प्रोजेक्ट आहे कांदळवनाच्या गाळातून कीटोन रिड्यूस करणारे (हायड्रोजन जोडून त्याचं अल्कोहोल करणारे) जिवाणू शोधायचा. धोपाव्याच्या फेरीबोटीच्या धक्क्यापासून जरा आत, ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून गाळ आणला. काळा कुळकुळीत, कुजक्या अंड्याच्या वासाचा. आईने ते डबे पडवीच्या आत येऊ दिले नाहीत.

तीन टक्के मीठ घातलेल्या आगरवर बरंच काही वाढलं. त्यातल्या एका पिवळसर वसाहतीने काम केलं: ग्रॅम पॉझिटिव्ह, दंडाकार. फ्लास्कमध्ये पेशी, ग्लुकोज आणि कीटोन म्हणून १० मिलिमोलर अ‍ॅसिटोफिनोन, ३० अंशांवर रात्रभर शेकरवर. सकाळी इथाइल अ‍ॅसिटेटने काढलं, रोटाव्हेपरवर आटवलं. जे तेल उरलं त्याचं वजन केलं, मिथेनॉलमध्ये विरघळवलं आणि प्रकाश किती फिरतो ते मोजणाऱ्या पोलॅरिमीटरला लावलं. रोटेशन अधिक आलं. कीटोनपासून झालेल्या फिनाइलइथेनॉल या अल्कोहोलच्या मिथेनॉलमधल्या आकड्याशी ताडून पाहिलं तर ७८ टक्के शुद्धता, म्हणजे ईई: रेणूच्या उजव्या-डाव्या रूपांपैकी (एनॅन्शिओमरांपैकी) एकाचं दुसऱ्यापेक्षा जास्तीचं प्रमाण.

गाइड म्हणतात, थिसिसमध्ये लिही की हा जिवाणू एकाच एनॅन्शिओमरची औषधं बनवायला उपयोगी. मला ते लिहिताना हात अडखळतोय. ७८ टक्के म्हणजे चांगलं की वाईट? लोट्याच्या किंवा महाडच्या कारखान्यांत कुणी खरंच जिवाणू वापरून असं काही बनवतं का, की हे सगळं पेपरांपुरतंच? आणि रसायनवाल्यांकडे याच कामाचे धातूंचे कॅटॅलिस्ट असताना जिवाणूंच्या मागे का लागायचं? इथे कारखान्यात काम केलेली माणसं आहेत म्हणून विचारतेय.

---

पेट्रीडिश

ताई, रसायनाचं इतर लोक सांगतील, मी जिवाणूचं सांगतो. आधी तो जपून ठेव. ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० मध्ये, आणि तुमच्याकडे डीप फ्रीझर नसेल किंवा पावसात लाइट दोन-दोन दिवस जात असेल तर स्लँटवर निर्जंतुक पॅराफिन तेल ओतून वेगळा संच ठेव. एक नळी पुण्याला एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहात देता येते का ते गाइडना विचारायला सांग. १६एस सीक्वेन्सिंग (जनुकावरून जिवाणूची जात ओळखणं) अजून केलं नसशील तर कर, "पिवळसर वसाहत" या नावाने थिसिस जात नाही.

आणि एक शक्यता. अख्ख्या पेशीत कीटोनवर काम करणारी रिडक्टेज (रिड्यूस करणारी एन्झाइमं) एकापेक्षा जास्त असतात. एक आर रूप बनवतं, दुसरं त्याचं आरशातलं एस. बेकरीच्या यीस्टमध्ये लोकांना हाच त्रास झाला होता. कीटोन एकदम न ओतता थोडं थोडं दिलं तर पुष्कळदा ईई सुधारतं, कारण कमी प्रमाणात कीटोन जास्त आसक्ती असलेल्या एन्झाइमकडेच जातो. एक्सएडी रेझिनवर कीटोन शोषून तो हळूहळू सोडायची पद्धतही आहे. पेशी थोडा वेळ गरम करून नको असलेलं एन्झाइम मारणं, हाही प्रयोग करण्यासारखा.

---

शिफ्टइनचार्ज

खाजणवाली, तू ७८ वर अडकलीस. तुझ्या मजकुरातली बातमी आहे "अधिक" या चिन्हात.

अधिक फिरवणारं फिनाइलइथेनॉल म्हणजे आर. उणे फिरवणारं एस. यीस्ट घे, घोड्याच्या यकृतातलं घे, बहुतेक अल्कोहोल डिहायड्रोजनेज अ‍ॅसिटोफिनोनपासून एस बनवतात. व्लादिमिर प्रेलॉग यांनी याचा नियम बसवून दिला: कीटोनच्या एका अंगाला मोठा गट, दुसऱ्या अंगाला लहान, आणि हायड्राइड ठरलेल्या बाजूनेच येऊन बसतो. १९७५ च्या रसायनाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, तो रेणूंच्या त्रिमितीय रचनेवरच्या कामासाठी. हा नियम मोडणारी एन्झाइमं कमी. त्यातली नावाजलेली लॅक्टोबॅसिलस केफिर आणि लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिसची. तुझा चिखलातला पाहुणा खरोखर आर देत असेल तर तो या अल्पसंख्याकांत बसतो, आणि थिसिसमध्ये ठळक करायचं ते हे.

आता ७८. तू रोटाव्हेपरनंतरचं तेल तसंच वजन करून लावलंस. त्यात न बदललेलं अ‍ॅसिटोफिनोन किती होतं? ते २०२ अंशांना उकळतं आणि तुझं अल्कोहोल २०४ ला. रोटाव्हेपर त्या दोघांची फारकत करणार नाही. कीटोन प्रकाश फिरवत नाही, पण वजनात मात्र भरतो. १०० मिलिग्रॅम तेलात २० मिलिग्रॅम कीटोन असेल तर उरलेलं ८० जवळपास निर्भेळ आर असूनही पोलॅरिमीटर तुला ७८ च दाखवील. उलटंही होतं: जिवाणूने स्वतःसाठी बनवलेलं एखादं कायरल (डावं-उजवं असलेलं) द्रव्य इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये उतरलं असेल तर आकडा फुगलेला असेल. पोलॅरिमीटर चिन्हासाठी ठीक. ईई लिहायचं तर दोन्ही बाजू वेगळ्या करणाऱ्या कायरल कॉलमवर जीसी किंवा एचपीएलसी क्रोमॅटोग्राफी. आधी टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून बघायची चाचणी) करून कीटोनचा ठिपका दिसतो का ते बघ, त्याला पाच मिनिटं लागतात.

समजा सगळं करून ७८ च निघालं. ७८ ईई म्हणजे १०० पैकी ८९ आर आणि ११ एस. औषधाच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) दुसरा एनॅन्शिओमर बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आत मागतात. क्रिस्टलायझेशनने वाढवता येतं, पण तुझं अल्कोहोल तेल आहे, ते क्रिस्टल देणार नाही.

त्याहून मोठी अडचण पाण्याची. १० मिलिमोलर म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम. मला १०० किलो माल काढायचा झाला तर ८० हजार लिटरच्या वर पाणी लागेल. आमच्याकडचा मोठ्यात मोठा ग्लासलाइन्ड रिअ‍ॅक्टर १० हजार लिटरचा. म्हणजे आठ-नऊ रिअ‍ॅक्टर भरायचे, तेवढं पाणी इथाइल अ‍ॅसिटेटने धुवायचं आणि शेवटी ते सगळं ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाला, पाठवायचं. कुठलाही मॅनेजर तुला चहा पाजून परत पाठवील. लिटरला १०० ग्रॅम चालत असेल तर तोच माल एक हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये बसतो. जिवाणूला एवढं अ‍ॅसिटोफिनोन दिलंस तर त्याच्या पेशीचं आवरण विरघळून तो मरेल. म्हणून कारखान्यात जिवाणू सहसा येत नाही, त्याचं एन्झाइम येतं. हव्या त्या जिवाणूतला जीन ई. कोलायमध्ये घालतात, फर्मेंटरमध्ये ढीगभर वाढवतात, पेशी फोडतात, गाळतात, सुकवतात. आमच्या दाराशी यायची ती मळकट पांढरी पावडर, दुहेरी पिशवीत, थंड पेटीतून. ती उतरवून घेताना स्टोअरवाला विचारायचा, "एवढीशी? आणि एवढे पैसे?"

लोट्याला ज्या कंपनीत मी होतो तिथे एका कीटोनची अशी बॅच चालायची. औषधाचं नाव सांगत नाही. रिडक्टेजला हायड्रोजन पुरवायला एनएडीपीएच लागतं, आणि ते इतकं महाग की जागच्या जागी पुन्हा पुन्हा बनवावं लागतं. त्यासाठी ग्लुकोज आणि ग्लुकोज डिहायड्रोजनेज. ग्लुकोजचं ग्लुकॉनिक आम्ल होतं, पीएच खाली येतो, तो सात-साडेसातच्या आसपास धरायला कॉस्टिकचं डोसिंग. आता गंमत बघ. जेवढा कीटोन रिड्यूस होतो तेवढंच आम्ल तयार होतं, आणि तेवढंच कॉस्टिक आत जातं. त्यामुळे आमचा ऑपरेटर सॅम्पलच्या निकालाची वाट बघायचाच नाही. कॉस्टिकच्या टाकीची पातळी बघून सांगायचा, "साहेब, अजून दोन तास." क्यूसीचा रिपोर्ट त्याच्या मागून यायचा, आणि बरोबर तेच सांगायचा.

खरा वैताग रिअ‍ॅक्शन संपल्यावर. टोल्युइन घालून ढवळलं की प्रोटीनमुळे इमल्शन. साइट ग्लासमध्ये खाली पाणी, वर टोल्युइन आणि मध्ये घुसळलेल्या ताकासारखा हातभर थर, जो ना वर जातो ना खाली. रात्रपाळीला त्या थराकडे टॉर्च मारून बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मीठ घाला, गरम करा, थांबा. शेवटी सगळं हायफ्लो या गाळण-पावडरीच्या थरातून नूच फिल्टरवर गाळलं तेव्हा कुठे लेयर पडले. पेपरात हा भाग "वर्कअप केलं" एवढ्या दोन शब्दांत असतो.

मग एवढं करून फायदा काय, हा तुझा शेवटचा प्रश्न. धातूचे कॅटॅलिस्ट कमी नाहीत. नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना २००१ चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं, आणि आजही कितीतरी औषधं तशीच बनतात. पण सिटाग्लिप्टिनचं उदाहरण घे. मधुमेहाची गोळी, आपल्याकडे २०२२ च्या जुलैत पेटंट संपलं आणि भाव कोसळले, प्रत्येक मेडिकलमध्ये आहे. मर्क कंपनीची आधीची पद्धत ऱ्होडियमची: दाबाखाली हायड्रोजन, वर शेवटी ऱ्होडियमचे कण काढायचे आणि ईई ९७ च्या आसपास म्हणून पुन्हा क्रिस्टलायझेशन. त्यांनी कोडेक्सिस या एन्झाइम कंपनीबरोबर मिळून आर्थ्रोबॅक्टर या मातीतल्या जिवाणूचं ट्रान्सअमिनेज (कीटोनच्या जागी अमिनो गट बसवणारं एन्झाइम) घेतलं. मूळ एन्झाइमला सिटाग्लिप्टिनचा कीटोन आत घ्यायलाच जागा नव्हती. त्याच्यावर काम शून्य. म्हणून आधी कीटोनचं लहान रूप दिलं, त्यावर जरा बरं चालणारं रूप निवडलं, मग मोठा रेणू दिला, पुन्हा बदल, पुन्हा निवड. शेवटच्या एन्झाइममध्ये २७ अमिनो आम्लं बदललेली होती. ते लिटरला २०० ग्रॅम कीटोन घेतं, निम्मं डीएमएसओ हे सॉल्व्हंट असलेल्या द्रावणात, ४५ अंशांच्या आसपास, आणि ईई ९९.९५ च्या वर. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. निवड करून एन्झाइम घडवायची ही जी रीत, तिच्यासाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

तेव्हा "औषध बनवायला उपयोगी" असं लिहू नकोस. "प्रेलॉगविरुद्ध निवड दाखवणारा मीठ सहन करणारा जिवाणू, एन्झाइम वेगळं करून तपासण्याजोगा" असं लिही. परीक्षकाला प्रश्न विचारायला जागा राहत नाही.

---

मेडिकलवाला_कुडाळ

माका ह्या रसायनातला काय एक कळणा नाय, पण एक इचारतंय. सेटिरिझिन १० ची आणि लेव्होसेटिरिझिन ५ ची, हे त्याच्यामुळेच ना? गिऱ्हाईक रोज विचारतं की ही गोळी निम्मी कशी. आणि ते थॅलिडोमाइडचं, एक बाजू औषध आणि दुसरी विष, आम्हाला डी.फार्म.ला शिकवलेलं. जिवाणूने एकच बाजू बनवली असती तर ती मुलं वाचली असती का?

---

शिफ्टइनचार्ज

होय, सेटिरिझिनमधला काम करणारा भाग प्रामुख्याने आर, तोच लेव्हो. म्हणून निम्मं वजन. पण प्रत्येक "लेव्हो" आणि "एस" मागे जिवाणू आहे असं गिऱ्हाइकाला सांगू नका. एस-अ‍ॅमलोडिपिन टार्टारिक आम्लाबरोबर क्षार करून वेगळं काढता येतं, आणि एसोमेप्राझोल टायटॅनियमच्या कॅटॅलिस्टने बनतं. आयबुप्रोफेन बघा, दोन्ही बाजू एकत्र विकतात आणि चालतं, कारण शरीरच निकामी आरचं बऱ्याच अंशी एस करून टाकतं.

थॅलिडोमाइडबद्दल मात्र शिकवणाऱ्यांनी अर्धंच सांगितलं. ते १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं आणि १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. त्याची एकच बाजू दिली असती तरी उपयोग नव्हता, कारण रक्तात गेल्यावर दोन्ही बाजू एकमेकींत बदलतात. काही तासांत मिश्रण तयार. अमेरिकेत त्या काळात ते मंजूरच झालं नाही, ते फ्रान्सिस केल्सी बाईंनी कागद अडवून धरले म्हणून. तिथे जिवाणूचा काही संबंध नाही, पुरेशी तपासणी न करता औषध विकलं गेलं एवढंच.

---

सडेतोड_देवरुख

काका, कौतुक पुरे. एकच बाजू वेगळी काढून नवीन नाव, नवीन पेटंट, चौपट किंमत. ओमेप्राझोलचं पेटंट संपायला आलं आणि एसोमेप्राझोल जन्माला आलं. हा काय योगायोग? आणि जिवाणू असोत की ऱ्होडियम, शेवटी पाणी आमच्याच खाडीत. आमच्या मामाचं गाव दाभोळ खाडीवर, जाळ्यात मेलेले मासे किती वेळा आले ते तिथल्या भोयांना विचारा.

---

शिफ्टइनचार्ज

ओमेप्राझोलचं तुझं बरोबर आहे. रेसिमिकचं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिश्रणाचं, पेटंट संपताना एक बाजू पुढे करायची, ही चाल पुष्कळांनी खेळली. काही ठिकाणी रोग्याला खरा फायदा झाला, काही ठिकाणी फक्त वेष्टन बदललं. पण नवीन औषधांसाठी हा वाद आता फारसा उरलेला नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने धोरण काढलं की दोन्ही बाजूंचा वेगवेगळा अभ्यास दाखवा. तेव्हापासून कंपन्यांना सुरुवातीपासून एकच बाजू घेणं सोपं पडतं.

खाडीचं. मी त्याच खाडीचे मासे खातो, त्यामुळे उडवाउडवी करणार नाही. एन्झाइमच्या बॅचचं सांडपाणी साखर, क्षार आणि प्रोटीनचं. सीओडी (पाण्यातला प्राणवायू खाणारा भार) भरपूर, पण ईटीपीतले जिवाणू ते खाऊ शकतात. धातू आणि क्लोरिनवाल्या सॉल्व्हंटचं पाणी त्यांना पचत नाही. म्हणून एन्झाइमची पद्धत खाडीच्या दृष्टीने बरी, पण ईटीपी चालू असेल तरच. रात्री ब्लोअर बंद ठेवून वीज वाचवणारे असतील तर ग्लुकोजचं पाणीसुद्धा मासे मारतं, पाण्यातला प्राणवायू संपवून. तुझ्या मामाचा राग अस्थानी नाही.

मालाच्या नासाडीबद्दल बोलायचं तर आकडा आहे. प्रेगाबालिन, नसांच्या दुखण्याची गोळी. फायझरने २००६ च्या सुमारास त्यात एस्टर तोडणारं लायपेज हे एन्झाइम आणलं, ते एका बुरशीचं आहे, जिवाणूचं नाही. एन्झाइमची पायरी पाण्यात चालते. एक किलो मालामागे आधी ८६ किलो कचरा निघायचा, तो १७ वर आला. यात एक खोच आहे, आणि ती खाजणवालीने नीट समजून घ्यावी, कारण परीक्षक हमखास इथे येतील.

तू कीटोनपासून सुरुवात केलीस. कीटोनला डावं-उजवं नसतं, त्यामुळे सगळाच्या सगळा कीटोन हव्या त्या बाजूचा होऊ शकतो. पण पुष्कळ वेळा हातात दोन्ही बाजूंचं मिश्रण असतं, आणि एन्झाइम त्यातली एकच बाजू उचलतं. पाश्चरने १८५८ मध्ये हेच पाहिलं: टार्टारिक आम्लाच्या मिश्रणात बुरशी वाढली, तिने उजवं खाल्लं आणि डावं शिल्लक ठेवलं. शुद्धता मिळते, पण निम्मा माल जातो. डिल्टियाझेम हे हृदयाचं औषध. त्यासाठी जपानच्या तानाबे कंपनीने सेराशिया मार्सेसेन्सचं लायपेज वापरलं. सेराशिया तुला ठाऊकच असेल, लाल वसाहतीवाला. ते नको असलेल्या बाजूचं एस्टर तोडतं, हवं ते टोल्युइनमध्ये राहतं. तोडलेलं पुढे फुटून अल्डिहाइड बनतं आणि ते एन्झाइमलाच बाधतं, म्हणून पाण्यात बायसल्फाइट घालून त्याला अडकवतात. निम्मा माल तिथे गेलाच. प्रेगाबालिनमध्ये नको असलेली बाजू अल्कली लावून पुन्हा मिश्रण करतात आणि फिरून एन्झाइमला देतात.

सगळ्यात सुंदर काम मला वाटतं ते अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या साइड चेनचं. डी-हायड्रॉक्सीफिनाइलग्लायसिन. त्याचं हायडँटॉइन घेतात, जिवाणूचं हायडँटॉइनेज फक्त डी बाजू उघडतं, आणि उरलेली एल बाजू अल्कली पाण्यात आपली आपणच डीमध्ये बदलत राहते. एन्झाइम उचलतंय, पाणी पुरवठा करतंय, शेवटी सगळाच माल डी. जपानच्या कानेगाफुची कंपनीने हे कारखान्याच्या प्रमाणावर आणलं. मेडिकलवाले, तुम्ही पावसाळ्यात सर्दी-तापाच्या माणसाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जी कॅप्सूल देता, तिच्यामागे जिवाणू असतो ती ही. हे मात्र गिऱ्हाइकाला बिनधास्त सांगा.

---

पेट्रीडिश

काकांच्या मुद्द्यात एक भर. खाऱ्या गाळातली एन्झाइमं मिठात म्हणजे कमी मोकळ्या पाण्यात टिकायला सरावलेली असतात, म्हणून त्यांतली काही सॉल्व्हंटमध्येही बरी टिकतात. ताई, आयसोप्रोपॅनॉल १० टक्के, २० टक्के, ३० टक्के घालून बघ. तुझ्या एन्झाइमला आयसोप्रोपॅनॉल चालत असेल तर तेच हायड्रोजन पुरवील, त्याचं अ‍ॅसिटोन होईल आणि ग्लुकोजची, कॉस्टिकची कटकट जाईल. लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिसचं एन्झाइम असंच वापरतात.

---

खाजणवाली

सगळ्यांचे आभार. काका, आजच टीएलसी केली. कीटोनचा ठिपका आहे, आणि चांगला गडद आहे. गाइडना दाखवलं. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले की पुण्यात त्यांच्या मित्राच्या लॅबमध्ये कायरल जीसी कॉलम आहे, नमुने पाठवू. गणपतीच्या आधी पोहोचले पाहिजेत, नंतर तिथे कुणी भेटणार नाही आणि इथेही नाही.

दोन शंका. रेसिमिक नमुना विकत घ्यावा लागेल का? आणि पाठवताना तेल पाठवू की मिथेनॉलमध्ये? आणखी एक, मीठ कमी केलं तर चिन्ह बदलेल का, असं गाइड विचारत होते.

---

शिफ्टइनचार्ज

रेसिमिक विकत घेऊ नकोस. अ‍ॅसिटोफिनोन मिथेनॉलमध्ये घे, बर्फात ठेव, सोडियम बोरोहायड्राइड चिमटी-चिमटीने टाक. फसफसतं, झाकण लावू नकोस. अर्ध्या तासाने टीएलसीवर कीटोन गेलेला दिसला की पाणी घाल, इथाइल अ‍ॅसिटेटने काढ. बोरोहायड्राइडला डावं-उजवं कळत नाही, त्यामुळे बरोबर निम्मं-निम्मं मिळतं.

तेल पाठवू नकोस, बाटलीच्या बुचाला लागून अर्धं संपतं. इथाइल अ‍ॅसिटेटचा अर्क निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळून घे, पाण्याचा थेंब राहता कामा नये, कायरल कॉलमला पाणी मानवत नाही. जीसीच्या छोट्या व्हायलमध्ये भर, क्रिम्प कर. रेसिमिक, तुझा अर्क, आणि फक्त जिवाणूचा, म्हणजे कीटोन न घातलेल्या फ्लास्कचा अर्क, असे तीन. तिसरा विसरू नकोस. जिवाणूचं स्वतःचं काही त्याच वेळेला बाहेर येत असेल तर ते त्यात दिसेल.

मिठाने चिन्ह उलटण्याची शक्यता कमी. पण मीठ बदललं की पेशीत कुठलं रिडक्टेज जास्त बनतं ते बदलू शकतं, आणि मग ईई हलेल. गाइडचा प्रश्न चांगला आहे, एक टक्का आणि पाच टक्के असे दोन फ्लास्क लाव.

क्रोमॅटोग्राम आला की इथे टाक. फक्त आकडा नको, रेसिमिकचा आणि तुझा एकाखाली एक लावून टाक, बेसलाइन दिसेल असा. दोन पीक नीट सुटलेच नसतील तर ९९ लिहून आलेलं असलं तरी मी मानणार नाही.